महामार्ग चौपदरी झाला, मग वेगमर्यादा वाढवायला काय हरकत आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पनवेलहून कुडाळकडे जाताना मुंबई-गोवा महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ६६) बराचसा चौपदरी आणि काँक्रीटचा झालेला दिसतो, गाडी १०० ला आरामात चालते. तरी कुठे ८०, कुठे ६०, कुठे चक्क ३० चा फलक, आणि एका ठिकाणी कॅमेऱ्याने चलानही पाठवलं. मग सरसकट १०० किंवा १२० का करत नाहीत?

यात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. रस्ता किती वेग पेलू शकतो हा एक, फलकावरचा आकडा बरोबर आहे का हा दुसरा, आणि गावी लवकर पोचायचं कसं हा तिसरा. लोक पहिला विचारतात, मनात तिसरा असतो, आणि तोडगा बहुतेक वेळा दुसऱ्यात सापडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. या महामार्गावर वरचा आकडा वाढवण्यासारखे टप्पे थोडे आहेत. चुकीचे खालचे आकडे काढून टाकण्यासारख्या जागा पुष्कळ आहेत, आणि तुमचा वेळ तिथेच जातो.

आधी कायदा, कारण १२० चा विषय तिथेच संपतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली कमाल वेग केंद्र ठरवतं. ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत मोटारगाड्यांसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० असे आकडे आहेत. चालक सोडून नऊ किंवा जास्त आसनांच्या गाड्यांना चौपदरीवर ९०, मालवाहू गाड्यांना ८०, दुचाकीला ८०, रिक्षाला ५०. राज्याला यापेक्षा कमी मर्यादा लावता येते, जास्त नाही. समृद्धी महामार्गावर १२० चालतं, कारण तो १५० च्या वेगासाठी आखलेला आहे, त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, आत शिरायच्या जागा मोजक्या आहेत आणि दुचाकीला बंदी आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर यातलं काहीच नाही. त्यामुळे प्रश्न उरतो तो एवढाच, की ८० चे १०० कुठे करता येतील.

आता रस्ता. चौपदरी महामार्गाच्या आखणीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची जी नियमपुस्तिका वापरतात, तिच्यात सपाट आणि उंचसखल प्रदेशासाठी आखणीचा वेग १०० धरायचा, जमत नसेल तर किमान ८०. डोंगराळ भागात ६०, आणि किमान ४०. कोकणाची अडचण अशी की हे सगळे प्रदेश वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत एकामागून एक येतात. माणगाव, लोणेरे, महाड हा भाग बऱ्यापैकी सपाट, पुढे पोलादपूर संपलं की कशेडी. कशेडीला आता साधारण दोन किलोमीटरचा बोगदा मिळाला, पण खेडजवळ भोस्ते घाट, चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट, रत्नागिरीजवळ निवळी घाट हे आहेतच. खाली कसाल, कुडाळ, झाराप पट्ट्यात रस्ता पुन्हा मोकळा होतो. अशा रस्त्याला एकच आकडा लावणं म्हणजे घाटात जास्त आणि सपाटीवर कमी, दोन्हीकडे चूक.

वळणाचा हिशेब सोपा आहे. वळणाची त्रिज्या, रस्त्याला दिलेला बाहेरून आत उतार आणि टायरची बाजूची पकड, या तीन गोष्टींवर सुरक्षित वेग ठरतो. उतार सात टक्के आणि बाजूच्या पकडीचा गुणांक (टायर रस्त्याला किती धरून राहतो त्याचा आकडा) ०.१५ धरला तर १०० साठी त्रिज्या किमान ३६० मीटर लागते, ८० साठी २३० मीटर, ६० साठी साधारण १३० मीटर. घाटात उतार दहा टक्क्यांपर्यंत देता येतो, तेव्हा ५० च्या वेगाला ८० मीटर त्रिज्या पुरते. म्हणजे ८० साठी आखलेल्या वळणावर १०० चा फलक लावला तर काँक्रीट कितीही गुळगुळीत असो, गणित बसत नाही. रस्ता रुंद केला म्हणून वळणाची त्रिज्या वाढत नाही. चौपदरीकरणात कित्येक ठिकाणी जुन्या वळणालाच दोन मार्गिका जोडलेल्या असतात, गाडी चालवणाऱ्याला मात्र रुंदी दिसते आणि पाय खाली जातो.

पण वळणापेक्षाही जास्त वेळा आड येतं ते थांबायचं अंतर, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ घालवतो. समोर काहीतरी आहे हे दिसणं, पाय ब्रेकवर जाणं आणि गाडी प्रत्यक्ष थांबणं, एवढ्यात गाडी किती पुढे जाते? आखणीत प्रतिक्रियेला अडीच सेकंद धरतात आणि ब्रेक लावतानाच्या पकडीचा गुणांक ०.३५ च्या आसपास. त्या हिशेबाने ६० ला साधारण ८० मीटर, ८० ला १३० मीटर, १०० ला १८० मीटर आणि १२० ला २४५ मीटर लागतात. वेग ८० वरून १०० म्हणजे पाव हिश्श्याने वाढला, अंतर मात्र ५० मीटरने वाढलं. आदळलीच तर गाडीतली ऊर्जाही दीडपटीहून जास्त झालेली असते.

आता एवढं अंतर रस्त्यावर दिसतं का, हे मोजावं लागतं. पद्धत अशी: चालकाच्या डोळ्याची उंची रस्त्यापासून १.२ मीटर धरायची आणि समोरची वस्तू १५ सेंटीमीटर उंचीची. दोन माणसं, एक टेप, एक १.२ मीटरची काठी आणि एक रंगवलेला ठोकळा. ठोकळा घेतलेला माणूस पुढे चालत जातो, काठीजवळून बघणाऱ्याला ठोकळा दिसेनासा झाला की तिथलं अंतर लिहायचं. दर वीस-पंचवीस मीटरला हे करत गेलं की त्या टप्प्यातली सगळ्यात आंधळी जागा सापडते, आणि मर्यादा त्या जागेवरून ठरते, सरासरीवरून नाही. अशी जागा कोकणात तीन ठिकाणी हमखास मिळते. पहिली, जांभ्याचा डोंगर कापलेला असतो तिथल्या वळणाच्या आतल्या बाजूला. दुसरी, उड्डाणपुलाच्या किंवा चढाच्या माथ्यावर, जिथे पलीकडे बंद पडलेला ट्रक माथा ओलांडेपर्यंत दिसत नाही. तिसरी ऋतूनुसार बदलते: मे महिन्यात जिथे १८० मीटर स्वच्छ दिसतं, तिथे भाद्रपदात कडेचं आणि दुभाजकातलं गवत कमरेपर्यंत आलेलं असतं आणि अंतर निम्म्यावर येतं. नेमकी त्याच वेळी चाकरमान्यांची सगळ्यात जास्त गर्दी. दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावतात, समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत म्हणून ती चांगलीच, पण रस्ता ओलांडायला दुभाजकात ठेवलेल्या फटीच्या दोन्ही बाजूंना ती छाटून खाली ठेवली नाही तर ओलांडायला उभं असलेलं माणूस झुडपामागे लपतं. मे मध्ये मोजून १०० चा फलक लावला आणि सप्टेंबरमध्ये कोणी बघितलंच नाही, असं होता कामा नये.

रात्रीचं तर याहून कठीण. डिपरवर दिव्याचा कामाचा उजेड पन्नास-साठ मीटरपर्यंत पोचतो. वरचंच गणित उलटं फिरवलं तर एवढ्या अंतरात थांबता येईल असा वेग जेमतेम ५० निघतो. अप्परवर परिस्थिती सुधारते, पण गणपतीच्या रात्री समोरून सतत गाड्या येत असताना अप्पर ठेवता येत नाही. म्हणून रात्री आपण खरं तर दिव्याच्या उजेडावर नाही, तर चमकणाऱ्या खुणांवर विसंबून चालवतो: रस्त्यातले कॅट आय, कडेच्या कठड्यावरच्या पट्ट्या, पुढच्या गाडीचे मागचे दिवे. पावसात कॅट आय चिखलाने माखतात, आणि बंद पडलेल्या डंपरमागे चमकणारा त्रिकोण नसतो, चार दगड आणि झाडाची एक फांदी असते. फांदी चमकत नाही.

आता पाऊस. कोकणात वेगमर्यादेची चर्चा पाऊस सोडून करणं व्यर्थ आहे, कारण वर्षातले चार महिने रस्ता ओलाच असतो. ओल्या रस्त्यावर, अर्ध्या झिजलेल्या टायरला पकडीचा गुणांक ०.२ पर्यंत उतरला तर ८० च्या वेगाला थांबायला साधारण १८० मीटर लागतात. म्हणजे पावसातले ८० हे कोरड्या रस्त्यावरच्या १०० इतकेच आहेत. ज्या टप्प्यावर १८० मीटर दिसतं म्हणून आपण कोरड्यात १०० मान्य करतो, तिथे पावसात ८० हीच हद्द. आणि जिथे आज १३० मीटरच दिसतं म्हणून ८० आहे, तिथे पावसात साधारण ६५ ला यायला हवं. आजचा कोणताही स्थिर फलक हे सांगत नाही.

यापुढची पायरी म्हणजे टायर पाण्यावर तरंगणं. पाण्याचा थर पुरेसा जाड असेल आणि नक्षी पाणी बाहेर टाकू शकत नसेल, तर टायर रस्त्याला टेकतच नाही. किती वेगाला, हे मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतं. विमानांच्या टायरवरून निघालेलं जे जुनं सूत्र आहे, त्याप्रमाणे ३२ पौंड दाबाला साधारण ९४ किमी, आणि हवा कमी होऊन २५ पौंड झाली असेल तर ८३ किमी. ही टायर पूर्ण तरंगण्याची हद्द आहे, स्टिअरिंग हलकं पडायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. कारच्या टायरची नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण कोकणातल्या पावसासाठी ३ मिलिमीटरला टायर बदलावा असं मी सांगेन.

पाणी साचतं कुठे, हेही ठरलेलं असतं. सरळ रस्त्याला मधून कडेकडे उतार असतो, वळणावर पूर्ण रस्ता एकाच बाजूला कललेला असतो. सरळातून वळणात शिरताना बाहेरची बाजू एका उतारावरून दुसऱ्यावर जाते आणि मध्ये काही मीटर ती अगदी सपाट असते. तिथे पाणी हलत नाही. तुम्ही बघाल तर पावसात गाड्या वळणाच्या मधोमध कमी आणि वळणाच्या तोंडाशी जास्त सरकतात, त्याचं हे एक कारण. दुसरी जागा दुभाजकाजवळची उजवी मार्गिका: वळणावर वरच्या मार्गाचं पाणी दुभाजकाकडे येतं, त्याच्या जाळ्या मातीने बुजलेल्या असतात आणि वेगवान मार्गिकेतच डबकं तयार होतं. तिसरी जागा पुलाचा सांधा आणि त्याच्या अलीकडचा खचलेला भराव. नवं काँक्रीट ओतताना त्यावर बारीक चर पाडतात, ते पाण्याला वाट देण्यासाठी. डंपरच्या रहदारीने ते चर झिजले की रस्ता दिसायला छान आणि पावसात निसरडा. मासळीच्या गाड्यांतून गळणाऱ्या पाण्याचं वेगळं सांगायला नको, दुचाकीवाल्यांना ते चांगलंच ठाऊक आहे.

कोकण रेल्वेने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. दरवर्षी पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग कमी होतो, आणि मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर ४० च्या वर जायचं नाही अशी लोको पायलटला सूचना असते. याला कोणी मागासलेपणा म्हणत नाही. फ्रान्समध्ये मोटरवेवर कोरड्यात १३० आणि पावसात ११० अशी कायद्यातच सोय आहे. आपल्याकडे मोकळ्या टप्प्यांवर १०० द्यायचे असतील तर त्याच खांबावर ‘पावसात ८०’ ही पाटी मी अट म्हणून घालेन. पाटीला खर्च फार नाही. अधिसूचनेत तसा उल्लेख मात्र हवा, नाहीतर ती नुसती विनंती ठरते.

इथपर्यंतचा सारांश: वळण, दिसणारं अंतर आणि पाणी, या तिन्ही कसोट्या कोरड्यात १०० ला उतरतील असे सपाट टप्पे महामार्गावर आहेत. पण चौथी कसोटी उरते, आणि बहुतेक टप्पे त्यात नापास होतात.

ती म्हणजे रस्त्यावर कोण कोण आहे. या महामार्गाने कोकणाच्या गावांतून आणि वाड्यांतून वाट काढली आहे. शेत एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला. एसटीचा थांबा पलीकडे, शाळा अलीकडे. सर्व्हिस रोड अर्धवट असला की दुचाकीवाला दोन किलोमीटर पुढे जाऊन वळण्याऐवजी उलट्या दिशेने कडेने येतो. बेशिस्त म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण त्याला वाट ठेवलेली नाही हेही खरं आहे. तिठ्यावर चिरे भरलेला डंपर महामार्ग ओलांडतो तेव्हा त्याला आठ ते दहा सेकंद लागतात. तेवढ्यात ८० ने येणारी गाडी सुमारे २०० मीटर येते, १०० ने येणारी २५० मीटर. त्यातून दुभाजकाची रुंदी चार-पाच मीटर, काही ठिकाणी त्याहूनही कमी, आणि डंपर आठ मीटरचा. तो मध्ये थांबला की शेपूट वेगवान मार्गिकेत राहतं. तुम्ही ज्या मार्गिकेत १०० ची परवानगी मागताय, तीच ही मार्गिका.

पायी माणसाचं गणित याहून कठोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार गाडीची धडक ५० ऐवजी ६५ ला बसली तर माणूस मरण्याची शक्यता साडेचार पट होते. ८० आणि १०० मध्ये माणसाच्या दृष्टीने फरकच उरत नाही, म्हणून जिथे माणसं रस्ता ओलांडतात तिथे ८० सुद्धा जास्त आहे. त्याच संघटनेचा दुसरा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे: सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मर्यादा वाढवल्यावर गाड्यांची सरासरी ८० वरून ८४ झाली, तर धोका वीस टक्क्यांच्या पुढे जातो.

म्हणून प्रत्यक्ष काम करताना मी एक साधा नियम लावतो. दोन किलोमीटरमागे दुभाजकात एकापेक्षा जास्त उघडी फट असेल, किंवा सर्व्हिस रोड सलग नसेल, किंवा पादचाऱ्यांना खालून वा वरून जायला सोय नसेल, तर त्या टप्प्यासाठी १०० सुचवायचे नाहीत, बाकी सगळं कितीही चांगलं असो. आणि टप्पा किमान आठ-दहा किलोमीटर सलग हवा. तीन किलोमीटर १००, मग दोन किलोमीटर ६०, पुन्हा १०० असे फलक लावले की चालक फलक वाचणंच सोडून देतो.

आता तुमचा खरा प्रश्न, वेळ. चाळीस किलोमीटरचा सलग टप्पा ८० ने अर्ध्या तासात होतो, १०० ने चोवीस मिनिटांत. वाचले सहा मिनिटे, तेही चाळीसच्या चाळीस किलोमीटर मोकळे मिळाले तर. उलट उड्डाणपुलाचं काम अर्धवट आहे म्हणून चार किलोमीटरच्या वळणरस्त्यावरून (डायव्हर्जनवरून) २५ ने जावं लागलं तर साडेनऊ मिनिटे लागतात, ८० ने तीन लागली असती. साडेसहा मिनिटे गेली. एका वळणरस्त्याने चाळीस किलोमीटरची सगळी कमाई खाल्ली. मुंबईहून कुडाळपर्यंत असे किती येतात ते तुम्हीच मोजा, त्यात बाजारपेठांतली कोंडी आणि टोलनाक्याची रांग मिळवा. घरी लवकर पोचायचं असेल तर ८० चे १०० करून घेण्यापेक्षा २५ चे ६० करून घेण्यात किती तरी जास्त लाभ आहे, आणि त्यात कोणाचा जीवही जात नाही.

इथे तुमची तक्रार पूर्ण रास्त आहे. काम चालू असताना ठेकेदार ३० किंवा २० चा फलक लावतो, ते बरोबरच. काम संपल्यावर मात्र तो काढत नाही. मग नव्याकोऱ्या, मोकळ्या रस्त्यावर ३० चा फलक वर्षभर उभा. शंभरातला एकही त्याला जुमानत नाही. नुकसान असं, की याच चालकाला पुढे दोन किलोमीटरवर खऱ्या वळणरस्त्याआधी ३० चा फलक दिसतो आणि तो त्यालाही जुमानत नाही. खोटा फलक खऱ्या फलकाची किंमत घालवतो. त्यामुळे असा फलक काढायला लावणं हे सुरक्षेचंच काम आहे.

दुसरी चूक म्हणजे ८० वरून एकदम ३०. वेग उतरवायला जागा लागते. फलक वाचायला तीन सेकंद आणि नंतर बेताने ब्रेक, असं धरलं तर ८० वरून ४० ला यायला साधारण दोनशे मीटर हवेत. म्हणून ८०, मग ६०, मग ४० आणि गरज असेल तरच ३०, प्रत्येक दोन फलकांत दीडशे ते दोनशे मीटर ठेवून. हे केलं नाही की पुढची गाडी फलक पाळते, मागचा ट्रक पाळत नाही, आणि टक्कर फलकाच्या पायथ्याशी होते. मर्यादा संपली असं सांगणारा फलकही लागतो. तो तर जवळपास कुठेच दिसत नाही.

घाटांबद्दल थोडक्यात. घाटात मर्यादा वाढवण्याचा विषय काढू नये. भरलेला ट्रक चढताना २०-२५ ने रांगतो, मागून ८० ची कार आली तर फरक साठाच्या घरात जातो. उतरताना ट्रकचे ब्रेक तापून धरेनासे होतात, आणि डिझेल वाचवायला कोणी न्यूट्रल केलं तर इंजिनाचा ब्रेकही जातो. तिथे आकड्यापेक्षा चढणाऱ्या ट्रकांसाठी वेगळी मार्गिका आणि दरड कोसळू नये म्हणून जाळी यांची मागणी करावी.

बोगद्याचं वेगळं आहे. सरळ आहे म्हणून लोक वेग वाढवतात, पण उन्हातून आत शिरल्यावर डोळे सरावायला काही सेकंद जातात, तेवढ्यात ८० च्या गाडीने शंभर मीटर अंतर आंधळेपणाने कापलेलं असतं. पावसाळ्यात ओली चाकं आत पाणी घेऊन येतात ते निराळंच.

मर्यादा ठरवायची पाहणी कशी होते, हे सांगतो, म्हणजे मागणी करताना तुम्हाला नेमकं काय मागायचं ते कळेल. कोरड्या दिवशी, गर्दी नसताना, रडार गन घेऊन माणूस नजरेस पडणार नाही असा उभा करायचा. पुढच्या गाडीपासून पाच-सहा सेकंद मोकळं अंतर असलेल्या गाड्यांचाच वेग नोंदवायचा, कारण रांगेतली गाडी स्वतःच्या मर्जीने चालत नाही. दर दिशेला निदान शंभर गाड्या. कार, ट्रक, दुचाकी वेगवेगळ्या लिहायच्या. मग शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत आहेत तो आकडा काढायचा. तो ८४ असेल आणि फलक ६० चा, तर दोनपैकी एक खरं: फलक चुकीचा आहे, किंवा धोका आहे पण तो चालकाला दिसत नाही. पहिलं असेल तर आकडा वाढवा. दुसरं असेल तर आकडा ठेवा आणि धोका दिसेल अशी सोय करा. कोणतं खरं हे अपघातांच्या नोंदींवरून कळतं. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे साधारण पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले तर तो ब्लॅक स्पॉट. अशा जागेवर लोक ८४ ने जातात म्हणून ८० चा फलक लावणं हा गुन्हाच म्हणायला हवा.

आता तुम्ही काय करू शकता. ‘मर्यादा वाढवा’ असा मोघम अर्ज कोणी वाचत नाही. एकेका फलकाचा अर्ज करा. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, त्यापुढचा दोनशे मीटरचा लहान दगड कितवा, दिशा मुंबईकडे की गोव्याकडे, फलकाचा फोटो तारखेसह, आणि एका ओळीत म्हणणं: ‘काम पूर्ण झाले आहे, तात्पुरता फलक काढावा’ किंवा ‘८० नंतर थेट ३० आहे, मधले फलक लावावेत’. पनवेल ते इंदापूर टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, त्याच्या खालचा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे, तेव्हा अर्ज योग्य दारात द्या. एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात. तिथे पोलीस, आरटीओ आणि बांधकाम खातं एकत्र बसतं, त्यामुळे ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर देणं त्यांना जड जातं. कायमची मर्यादा बदलायला राज्याची अधिसूचना लागते, वेळ जातो. तात्पुरता फलक काढायला ती लागत नाही.

चलानाचं म्हणाल, तर कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंडाची तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या १६७अ नुसार कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा आणि यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं. चलानावर नोंदलेला वेग आणि त्या जागेची मर्यादा दोन्ही असतात. ती मर्यादा आणि रस्त्यावरचा फलक जुळत नसेल, किंवा तिथे कामाच्या वेळचा जुना फलक उभा असेल, तर फोटोसह ई-चलानाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा, त्यात तथ्य आहे. पण तुमची गाडी ८० च्या खऱ्या फलकाखालून ९७ ने गेली असेल, तर रस्ता चौपदरी होता हा बचाव चालत नाही. पैसे भरून टाका.